दरवाजांबाहेरचं शहर

आमच्या शहरातून शिकायला किंवा नोकरीला पुण्या-मुंबईकडे गेलेल्या माणसाला ‘गाव कुठलं?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर दर दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागलं आहे. वडिलांच्या पिढीला ‘वेरूळ-अजिंठा माहीत आहे ना, तिथलं’ असं सांगावं लागे, आणि तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे निजामाचं राज्य, धूळ आणि ऊन एवढंच येई. आमच्या पिढीनं वसतिगृहात ‘बजाजचा कारखाना आहे ते’ असं छाती फुगवून सांगितलं. पुढे ते ‘व्हिडिओकॉनचं गाव’ झालं. २०१० नंतर लोकच उलट विचारू लागले, ‘एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेच ना?’ २०१८ मध्ये प्रश्न आला, ‘तुमच्या कचऱ्याचं काय झालं हो?’ आता तर आपण शहराचं कोणतं नाव उच्चारतो याकडेच समोरच्याचे कान लागलेले असतात. त्या एका शब्दावरून आपण कोणत्या बाजूचे, हे तो ठरवून मोकळा होतो.

इतकी बिरुदं बदलली, पण या शहरानं स्वतःबद्दल स्वतः सांगितलेली गोष्ट त्यात एकही नाही. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून आपण मिरवतो, पण गेली पन्नास वर्षं ज्यांनी या शहराला पोसलं ती माणसं त्या दरवाजांच्या बाहेर राहतात. चिकलठाणा, वाळूज, रांजणगाव, बजाजनगर, शेंद्रा, चितेगाव. आपल्या अभिमानाच्या यादीत त्यांचा नंबर लागत नाही, ही माझी तक्रार आहे आणि या लेखाचं कारणही.

खरं तर हे शहर जन्मापासून कसबी हातांचं आहे. १६१० मध्ये मलिक अंबरानं खडकी या खेड्याचं शहर केलं, तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न पाण्याचा होता. उत्तरेच्या डोंगरातलं भूजल त्यानं खापरी नळांतून, केवळ उताराच्या बळावर गावात आणलं. नहर-ए-अंबरी म्हणतात ती हीच. पुढच्या काळात पाणचक्कीजवळ तसंच डोंगरातलं पाणी उंचावरून पाडून जातं फिरवलं गेलं आणि त्या पिठावर तिथल्या दर्ग्यातल्या फकिरांचं अन्नछत्र चाललं. पर्यटक तिथं माशांना लाह्या टाकून, फोटो काढून निघून जातात. मला मात्र ती जागा या गावाचा पहिला कारखाना वाटते. पाण्यावर चालणारं यंत्र, ठरलेली पाळी आणि त्यातून निघणारं रोजचं पीठ.

विणकराचा हात त्याहून जुना. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली तेव्हा हिमरूचे विणकर इकडे आले असं मानलं जातं. उभा धागा सुताचा, आडवा रेशमाचा. राजाच्या किनखापासारखं दिसणारं, पण कुणालाही अंगाला लावता येईल असं कापड. जुन्या मागावर एक कारागीर खाली विणायचा आणि दुसरा वर बसून नक्षीचे दोर ओढायचा. दोघांची लय जमली नाही तर फूल वाकडं उमटायचं. दौलताबादहून खुलताबादला जाताना लागणाऱ्या कागजीपुऱ्यात असाच कागद हातानं काढला जात आला. आज हिमरूचे हातमाग बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि ‘हिमरू’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच शाली यंत्रावरच्या असतात.

१८८९ मध्ये शहरात सूतगिरणी आली, १९०० मध्ये हैदराबाद–गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे आली, आणि मग बराच काळ काहीच आलं नाही. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची राजवट संपली तेव्हा मराठवाड्याच्या वाट्याला कारखाने, कॉलेजं, रस्ते यांतलं नगण्यच होतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथं मिलिंद महाविद्यालय सुरू केलं ते याच कारणानं. जिथं काहीच नाही तिथं त्यांनी नागसेनवन हा शिक्षणाचा परिसर उभा केला. १९५८ मध्ये विद्यापीठ झालं, १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. या शहराच्या उद्योगाचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण सुरुवात थेट एमआयडीसीपासून करतात. मला ते चुकीचं वाटतं. कॉलेजं आधी आली, म्हणून कारखान्यांना माणसं मिळाली. पुढे वाळूजच्या कितीतरी यंत्रांमागे उभा राहिलेला तरुण हा घरातला शाळा शिकलेला पहिलाच होता.

कारखाने आले ते सरकारी धोरणामुळे. मुंबई-पुण्यात गर्दी झाली होती आणि १९६४ पासून राज्यानं मागास भागात उद्योग काढणाऱ्यांना सवलती देऊ केल्या. रेल्वे स्टेशनजवळ पहिली वसाहत, मग चिकलठाणा, मग वाळूज. बाहेरून मोठी नावं आली, पण त्यांच्या आधी घरातलंही एक नाव उभं राहिलं होतं. भोगले कुटुंबानं १९६८च्या सुमारास इथं अन्न न चिकटणारी भांडी बनवायला सुरुवात केली. नाव दिलं निर्लेप. परदेशी वाटेल असं काहीतरी ठेवायची तेव्हाही पद्धत होती, तरी त्यांनी शुद्ध मराठी शब्द तव्यावर कोरला आणि तो देशभरच्या स्वयंपाकघरांत गेला. २०१८ मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सनं ती कंपनी घेतली. पण कित्येक घरांत आजही न चिकटणाऱ्या कुठल्याही तव्याला ‘निर्लेप’च म्हणतात.

मग १९८५. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि शहराची चालच बदलली. गंगापूर, पैठण, कन्नड, वैजापूर, सिल्लोड आणि पार बीड-जालन्याकडून मुलं आली. एका खोलीत सहा जण, तीन पाळ्यांत झोपणारे. एक उठला की त्याच्या गादीवर दुसरा. इथं ‘कारखाना’ कुणी म्हणत नाही, ‘कंपनी’ म्हणतात. ‘मुलगा काय करतो?’ ‘कंपनीत आहे.’ लग्न जुळवताना पुढचा प्रश्न ठरलेला, ‘परमनंट आहे का?’ त्या एका शब्दानं मराठवाड्यातल्या कितीतरी कोरडवाहू घरांवर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. ‘आशियातलं सर्वात झपाट्यानं वाढणारं शहर’ हे वाक्य त्या काळात प्रत्येक भाषणात असे. ते कुणी मोजलं होतं कोण जाणे, पण शहर वाढत होतं हे खरं. १९९१ला पावणेसहा लाख, २००१ला पावणेनऊ लाख, २०११ला पावणेबारा लाख.

बजाजभोवती सुट्या भागांचं जाळं उभं राहिलं. राहुल बजाज यांचे भाचे, अनुरंग आणि तरंग जैन हे जुळे भाऊ, इथंच धंद्यात उतरले. त्यातून एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या कंपन्या झाल्या. एन्ड्युरन्सचे कारखाने आज इटली आणि जर्मनीतही आहेत. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे आणि डाय बनवायला शिकलेली मुलं देशभर गेली. स्टरलाइटनं वाळूजमध्ये काचेपासून ऑप्टिकल फायबर ओढली. स्कोडानं २००१ मध्ये शेंद्र्यात ऑक्टाव्हिया जोडायला घेतली. आफ्रिकेतल्या एखाद्या शहरात बजाजची तीनचाकी प्रवासी घेऊन धावताना दिसली, तर ती वाळूजच्या हातांतून गेली आहे हे समजून चला.

या हातांचं काम जवळून पाहायचं तर मोठ्या गेटमधून जाऊन उपयोग नाही. एनआरबी चौकातून किंवा एफडीसी कॉर्नरवरून आत वळावं आणि एखाद्या छोट्या शेडमध्ये उभं राहावं. पत्र्याखाली तीन-चार सीएनसी यंत्रं, कूलंटचा आंबूस वास, पायाखाली चुरचुरणारा लोखंडी किस. यंत्राचं दार उघडतं. ऑपरेटर गरम जॉब बाहेर काढतो, फडक्यानं पुसतो, हवेच्या झोतानं भोकातला किस उडवतो. मग हातात घेतो तो गेज. बोटभर दांडा, दोन टोकांना दोन जाडीचे दट्टे. एका टोकाला म्हणतात ‘गो’, दुसऱ्याला ‘नो गो’. पहिलं टोक भोकात आपल्या वजनानं सरकलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. दोघांतला फरक केसाच्या जाडीहूनही कमी. ‘नो गो’ आत गेला तर जॉब लाल डब्यात. असे चार-सहा लाल डब्यात गेले तर तो स्वतःच यंत्र थांबवून टूल तपासतो, कारण लॉट परत आला तर मालकाचं पेमेंट अडतं आणि मालकाचं अडलं की त्याचा पगार. एका पाळीत हे शेकडो वेळा. समोरच्या भिंतीवर गणपती, शेजारी उत्पादनाचा तक्ता, खिळ्याला अडकवलेला डबा. गेज आत सरकताना त्याच्या बोटांना जे कळतं ते पुस्तकात लिहिता येत नाही, ते दहा वर्षांनी येतं. हिमरूच्या मागावर वर बसून दोर ओढणाऱ्याला कळायचं तेच हे.

याला आपल्या शहरात कारागिरी म्हणत नाहीत. याला ‘लेबर’ म्हणतात.

*

व्हिडिओकॉनची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. धूत कुटुंबाची ही कंपनी पैठण रोडवरच्या चितेगावला होती. रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, आणि जाहिरातीत स्वतःला ‘इंडियन मल्टीनॅशनल’ म्हणवण्याची हिंमत. २००५ मध्ये तिनं फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, तेव्हा इथल्या चहाच्या टपऱ्यांवर त्याची चर्चा होती. आपल्या गावच्या कंपनीनं युरोपातली कंपनी घेतली! पण त्याच सुमारास जगभर पिक्चर ट्यूबची जागा सपाट पडदा घेत होता. तेल, मोबाईल सेवा, डीटीएच असे पाय पसरत गेले, कर्ज वाढत गेलं आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं. त्यात बँकांचे दावे अब्जावधींचे. पेपरांत आकडे आले, आरोप आले, अटका आल्या. चितेगावात काय झालं याला तेवढी जागा मिळाली नाही. चाळिशी-पन्नाशीत हातातली नोकरी गेलेला माणूस रिक्षा घेतो, किराणा टाकतो, वॉचमन होतो. टीव्हीच्या असेंब्लीवर वीस वर्षं बसलेल्या हाताला दुसरीकडे ‘फ्रेशर’ म्हणून उभं राहावं लागतं.

कंपन्या जातात आणि नावं मागे राहतात, हे या शहराला नवीन नाही. चिकलठाण्याचा एपीआय कॉर्नर ज्या स्कूटरच्या कंपनीवरून ओळखला जातो, ती तिथं उतरणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नाही. त्याच्याजवळ २०१० मध्ये प्रोझोन मॉल उघडला. एमआयडीसीच्या भूखंडांवर आता शोरूम, हॉटेलं, मंगल कार्यालयं दिसतात. जमीन महाग झाली की कारखान्यापेक्षा दुकान परवडतं, हा हिशेब मला कळतो. तरी त्या रस्त्यानं जाताना चुकल्यासारखं होतं.

त्याच २०१०च्या ऑक्टोबरमध्ये शहरातल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटींच्या दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या. एकगठ्ठा खरेदी म्हणून कंपनीनं सूट दिली, बँकेनं कमी व्याजात कर्ज दिलं आणि जगभर बातमी झाली. मी ती कल्पना कमी लेखत नाही. मागास भाग, दुष्काळी भाग ऐकून कंटाळलेल्या लोकांना एकदा तरी देशानं वळून पाहावं असं वाटलं, यात गैर काही नव्हतं. पण आम्ही जगाला दाखवलं ते काय? आम्ही काय विकत घेऊ शकतो, हे. आम्ही काय बनवू शकतो, हे दाखवण्याची तीच वेळ होती. ज्या रस्त्यांवर त्या गाड्या फिरल्या त्यांची अवस्था शहरातला शाळकरी मुलगाही सांगेल.

मग २०१८. फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं सगळ्या शहराची घाण आपल्या विहिरींशेजारी टाकली जाते हे त्यांना असह्य झालं होतं आणि त्यांचं बरोबर होतं. पण महापालिकेजवळ दुसरी जागा नव्हती, दुसरी योजनाही नव्हती. महिनोन्‌महिने चौकाचौकांत ढीग साचले, पेटवले गेले. मिटमिट्यात कचऱ्यावरून दगडफेक झाली. मे महिन्यात जुन्या शहरात दंगल झाली, माणसं गेली, दुकानं जळाली. मराठा आरक्षणासाठीच्या ९ ऑगस्टच्या बंदमध्ये वाळूजच्या डझनावारी कंपन्यांची तोडफोड झाली. एका वर्षात तीन घाव. काचा फुटलेल्या त्या कंपन्यांत दुसऱ्या दिवशी झाडू मारायला आलेली माणसं आसपासच्याच गावांतली होती. आंदोलनाची मागणी काहीही असो, आपण आपलीच भाकरी तुडवली हे मी त्या दिवशीही म्हणत होतो, आजही म्हणतो.

*

पाण्याबद्दल लिहिताना मला राग आवरत नाही. पैठणला जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये झालं. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आशियातल्या मोठ्या मातीच्या धरणांत गणला जाणारा नाथसागर आहे, आणि शहरात नळाला पाणी पाच, आठ, कधी दहा दिवसांनी येतं. मोठी जलवाहिनी टाकण्याची पहिली योजना खासगी कंपनीला दिली गेली आणि २०१६ मध्ये रद्द झाली. मग १,६८० कोटींची नवी योजना आली, १२ डिसेंबर २०२०ला भूमिपूजन झालं, पुढे खर्च २,७०० कोटींच्या वर गेला. मधल्या काळात उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाला या कामावर लक्ष ठेवावं लागलं. २०१६च्या दुष्काळात याच खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली होती. बिअर बनवणारं शहर तेव्हा घागरी घेऊन टँकरमागे धावत होतं.

पाण्याचा दिवस हा आमच्याकडे पंचांगातला दिवस आहे. लग्नाची तारीख, पाहुणे, श्राद्ध, सगळं त्यावरून ठरतं. निळे ड्रम अंगणात नाहीतर जिन्याखाली, प्रत्येकी दोनशे लिटरचे. गल्लीच्या ग्रुपवर निरोप येतो, ‘आज पाणी सुटेल, वेळ नक्की नाही.’ कधी रात्री दोनला सुटतं. मग घरोघरी मोटारी घरघरू लागतात, पाइप जिन्यानं वर चढतात आणि सेकंड शिफ्ट करून बाराला घरी आलेला माणूस झोपायचं सोडून ड्रम भरत बसतो. गुंठेवारीच्या वस्त्यांत ज्यांच्याकडे नळच नाही ते टँकरची वाट पाहतात. केसाच्या जाडीचा फरक पकडणारी ही माणसं. चारशे वर्षांपूर्वी खापराच्या नळांतून, पंपाशिवाय जे पाणी या गावात आलं, ते आज आपल्याला नेमानं आणता येत नाही. याहून मोठी नामुष्की मला दुसरी दिसत नाही.

आणि नाव. ८ मे १९८८ला मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर बाळासाहेब ठाकरे यांनी संभाजीनगर हे नाव पुकारलं. १९९५ मध्ये युती सरकारनं अधिसूचना काढली, पुढे ती मागे घेतली गेली. जून २०२२ मध्ये एका मंत्रिमंडळानं ठराव केला, जुलैत दुसऱ्या मंत्रिमंडळानं त्यात ‘छत्रपती’ जोडलं, २४ फेब्रुवारी २०२३ला केंद्राची मंजुरी आली आणि मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. संभाजी महाराजांचं नाव गावाला लागलं याचा आनंद मी लाखो लोकांच्या डोळ्यांत पाहिला आहे, आणि जुन्या नावाबरोबर आपलंही काही पुसलं गेलं असं वाटणारी माणसंही माझ्या ओळखीची आहेत. दोघं त्याच वाळूजच्या बसला लटकतात, दोघांच्या घरी पाणी त्याच दिवशी येतं. या गावानं खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर अशी नावं पाहिली. संभाजी महाराजांचं नाव लावायचं तर गाव त्या नावाला शोभेल असं ठेवणं ही जबाबदारी येते. ती पाटीनं भागत नाही.

*

आता पुन्हा बरे दिवस येत आहेत असं वातावरण आहे. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांवर ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी झाली. दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातली ही पहिली मोठी वसाहत. समृद्धी महामार्ग शहराच्या कुशीतून जातो. ३१ जुलै २०२४ला टोयोटा किर्लोस्करनं २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केला, विजेवर चालणाऱ्या स्कूटरची एथर बिडकीनला येते आहे. जालना रोडवर पुन्हा जमिनीच्या भावाची चर्चा आहे, पुन्हा ‘सर्वात झपाट्यानं वाढणारं’ हे शब्द कानावर येतात.

मला आनंद आहे, आणि धास्तीही. १९८५च्या पिढीला ‘परमनंट’ हा शब्द मिळाला. आज शेडमधल्या पोराला ‘ब्रेक’ हा शब्द मिळतो. सहा-सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराचं कार्ड. २०२३च्या शेवटच्या पहाटे वाळूजमधल्या हातमोज्यांच्या एका कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले, बहुतेक बिहारहून आलेले. झोपायला दुसरी जागा नव्हती म्हणून ते तिथं होते. ऑरिकसाठी जमिनी दिलेल्या बिडकीनच्या शेतकऱ्यांना एकरी २३ लाख मिळाले. काहींनी दुसरीकडे शेती घेतली, काहींच्या घरापुढे मोठ्या गाड्या उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या काही पुन्हा विकल्याही गेल्या. त्यांच्या मुलांना या नव्या नगरीत यंत्रावर जागा मिळते की गेटवर, यावर या वेळची गोष्ट वेगळी झाली की नाही ते ठरेल. टूल रूम आणि आयटीआय दुप्पट करा, कामगारांसाठी राहायला घरं बांधा, आणि आधी पाणी आणा. हे सांगायला कुठल्या परदेशी सल्लागाराची गरज नाही.

शहरात सोनेरी महालात वस्तुसंग्रहालय आहे, विद्यापीठाचं आहे, छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचं आहे. तलवारी, नाणी, मूर्ती, पैठण्या आहेत आणि त्या असायलाच हव्यात. कंपनीत खपलेल्या माणसाच्या हातची एकही वस्तू मला तिथं भेटलेली नाही. पहिला निर्लेप तवा, वाळूजहून बाहेर पडलेली बजाजची पहिली एम-८० दुचाकी, चितेगावचा रंगीत टीव्ही, हिमरूचा एक चालू माग आणि त्याच्या शेजारी तो बोटभर गेज, एवढ्यावर एक दालन सहज उभं राहील. महापालिका, विद्यापीठ आणि उद्योजकांच्या संघटना यांनी मनावर घेतलं तर एका वर्षाचं काम आहे.

तोवर वाचकांना एक विनंती. यंदा दिवाळीची साफसफाई करताना घरात कुणाचं कंपनीचं जुनं ओळखपत्र, अप्रेंटिसचं पत्र, पहिल्या पगाराची स्लिप, बिल्ला किंवा पाळीचा ग्रुप फोटो सापडला तर तो भंगारात देऊ नका. मागच्या बाजूला माणसाचं नाव, खातं आणि वर्ष पेन्सिलीनं लिहा आणि जपून ठेवा.